कोकणातून अभिनयाकडे: मधल्या वर्षांचा हिशेब

अमेरिकन अभिनेत्री व्हायोला डेव्हिसची गोष्ट सांगताना लोक दोनच टोकं सांगतात. ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्सचं उंदरांनी पोखरलेलं घर आणि तिथलं उपाशी बालपण हे एक, 2017 चं ऑस्कर हे दुसरं. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने बघायचं ते मधलं. 1988 ला कॉलेजातून नाटकाची पदवी, मग न्यूयॉर्कच्या जूलियार्ड या कलाशिक्षण संस्थेत चार वर्षं, 1996 ला ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी, 2001 ला टोनी हा तिथला मोठा नाट्यपुरस्कार. 2008 च्या ‘डाउट’ सिनेमातलं तिचं काम जेमतेम काही मिनिटांचं, पण त्यावर तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. तेव्हा ती 43 वर्षांची होती. गरिबीने तिला नट केलं नाही, शिकायला मिळालं म्हणून ती नट झाली.

कोकणातल्या हातावर पोट असलेल्या घरातल्या मुलीसाठी ही मधली वर्षं कुठे आहेत, तेवढंच इथे सांगतो.

सुरुवात कॉलेजपासून. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, स्किट, मूकाभिनय, एकपात्री असं सगळं असतं आणि खिशातून फारसं काही जात नाही. त्यानंतर राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा. तिची प्राथमिक फेरी रत्नागिरी केंद्रावर होते. हौशी संस्थांकडे स्त्री पात्रांची कायम वानवा, त्यामुळे गणपती उरकले की तालमी कुठे सुरू होतायत याची चौकशी करा. नवी मुलगी आली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. मात्र शेवटची एसटी गेल्यावर घरी कोण सोडणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर ती संस्था सोडा.

दशावतारात स्त्रीपार्ट बहुधा पुरुषच करतात, नमनातल्या गवळणीही पूर्वापार त्यांच्याच. तरी जत्रेत रात्रभर बसून बघाच. लिहिलेली संहिता नसताना, पेटी-मृदंगाच्या आधाराने संवाद जागच्या जागी कसे उभे राहतात, हे दुसरीकडे शिकायला मिळत नाही. फक्त तो आवाज ऑडिशनला नेऊ नका. उघड्या मांडावर शेवटच्या रांगेला ऐकू जावा म्हणून तो लावलेला असतो. बंद खोलीत, समोर तीन परीक्षक असताना तो आरडाओरडा वाटतो.

पुढची पायरी प्रशिक्षणाची. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबईत कालिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. दिल्लीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते, म्हणून गरीब घराला तोच सर्वांत परवडतो. अर्जाला पदवी लागते, हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान लागतं आणि किमान 6 नाटकांत भाग घेतल्याचा पुरावा लागतो. बाकीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा.

आपल्याकडची मुलं अडकतात ती या पुराव्यावर. कामं दहा झालेली असतात, कागद एकाचाही नसतो. गणेशोत्सव मंडळाच्या पत्रिकेवर ‘कु. पिंकी’ छापलेलं असतं आणि मार्कशीटवर नाव वेगळंच. ती पिंकी तुम्हीच, हे दिल्लीत कोण मानणार? प्रत्येक प्रयोगाआधी पत्रिका छापणाऱ्याला दहावीच्या मार्कशीटवरचं पूर्ण नाव लिहून द्या. प्रयोगानंतर आठवडाभरात लेटरहेडवर नाटकाचं नाव, भूमिका, तारीख, ठिकाण आणि सही-शिक्का घेऊन ठेवा. चार वर्षांनी मंडळाचे पदाधिकारी बदललेले असतात, शिक्का कुणाच्या घरी आहे तेही कळत नाही. स्पर्धेची प्रमाणपत्रं आणि वर्तमानपत्रातली कात्रणं त्याच फाईलला लावा.

उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला निकालाच्या गर्दीआधीच सेतूतून काढा. जूनमध्ये अर्ज टाकला की दाखला येईपर्यंत प्रवेशाची मुदत उलटते.

भाषेबद्दल उगाच न्यूनगंड नको. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर गाजवली, ती मोडीत काढू नका. पण हुकमी प्रमाण मराठीही बोलता यायला हवी. रोज 20 मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि फक्त ‘ण’ ऐका. ‘पानी’, ‘कोन’ असं किती वेळा आलं ते मोजा. हिंदीत आपण लिंगावर घसरतो. ‘आवाज’ आणि ‘आत्मा’ मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. ‘मेरा आवाज’ म्हटलं की पुढचं स्वगत कितीही चांगलं झालं तरी परीक्षकाचं लक्ष उडतं. स्वगतं दोन तयार ठेवा, एकमेकांपासून लांबची. दोन्हींत रडायचंच असेल तर ते एकच स्वगत झालं.

मालिकांसाठी हल्ली आधी व्हिडिओ मागवतात. मोबाईल आडवा धरा (उभा मागितला असेल तर उभा), मागे रिकामी भिंत आणि खिडकी तोंडासमोर. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. पंखा बंद. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात शब्द ऐकूच येत नाहीत, तेव्हा शाळेची स्लॅबची खोली मागून घ्या. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगा, मग डावी-उजवी बाजू दाखवा. दागिने आणि जाड मेकअप नको. मोठी फाईल वाडीतल्या रेंजवर अर्ध्यात अडकते, म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशीच बाजारपेठेत जाऊन पाठवा. लिंक पाठवत असाल तर ती दुसऱ्याच्या फोनवर उघडते का ते बघा. परवानगी न दिलेली लिंक उघडत नाही आणि ‘परत पाठवा’ असा फोन कुणी करत नाही.

निवड झाल्यावर ‘नोंदणी’, ‘कार्ड’ किंवा ‘पोर्टफोलिओ’साठी पैसे मागितले, तर समजा ते कामच खोटं आहे. खऱ्या ऑडिशनला फी नसते. प्रवासखर्च मात्र आपलाच. संध्याकाळी सावंतवाडीहून निघणारी तुतारी एक्सप्रेस सकाळी दादरला पोचवते, त्यामुळे एक दिवसाच्या ऑडिशनसाठी मुंबईत खोली घ्यायची गरज नाही. परतीचं तिकीट जातानाच काढा, गणपती आणि मे महिन्यात ते आयत्या वेळी मिळत नाही.