सगळं पाठ आहे, तरी मार्क पडत नाहीत? मानसशास्त्राच्या पेपरात या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर पहिल्या वर्षाची पोरं वह्या घेऊन येतात. तक्रार ठरलेली: "सर, सगळं पाठ केलंय की, तरी मार्क का पडत न्हाईत?" वही उघडली की दुखणं पहिल्याच पानावर सापडतं. मानसशास्त्राचे संप्रदाय वंशावळीसारखे उतरवलेले असतात. रचनावाद गेला, कार्यवाद गादीवर आला, मग वर्तनवाद.

असं काही घडलेलं नाही. 1913 साल घ्या. त्या वर्षी वॉटसनने अमेरिकेत वर्तनवादाचा झेंडा रोवणारा लेख छापला. तेव्हा टिचनर कॉर्नेलमध्ये रचनावाद शिकवत होता, फ्रॉईड व्हिएन्नात रुग्ण तपासत होता, समष्टिवादी वर्दायमरचा गतिभासावरचा (स्थिर गोष्टी हलताना दिसण्यावरचा) निबंध येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि टिचनरचा म्हातारा गुरू वुंटसुद्धा हयात होता. म्हणजे सगळे एकाच वेळी आखाड्यात. कुस्ती कशावरून, तर मनाचं नेमकं काय अभ्यासायचं आणि ते बघायचं कसं यावरून. म्हणून संप्रदायाचं नाव लिहिलं की लगेच त्याची पद्धत लिहा. निम्मी उत्तरं तिथेच सुधारतात.

मिसळीवर करून बघू. टिचनरच्या अंतर्निरीक्षणात, म्हणजे स्वतःचाच अनुभव आत डोकावून सांगण्यात, "मी मिसळ खातोय" म्हणणं चूक. जिभेला चटका, तिखट, गरम, लाल असा अनुभवाचा एकेक धागा सुटा करून सांगायचा. वस्तूचं नाव घेतलं की निरीक्षण फुकट. आता दोघांनी एकाच कटाबद्दल वेगवेगळं सांगितलं तर खरं कोणाचं? ते ठरवायची सोय नव्हती, आणि वॉटसनने नेमका तिथेच पट काढला: आतलं सांगू नका, घाम किती आला, पाणी किती वेळा मागितलं ते मोजा. अनुभव तुकड्यांत नाही, अख्खा बघा म्हणणारे समष्टिवादी तिसरंच म्हणाले. मटकी, फरसाण, कट वेगवेगळ्या वाट्यांत ठेवलात तर समोर मिसळ आहेच कुठे? विल्यम जेम्सच्या वाटेने जाणारा कार्यवादी विचारेल, ही चव कळण्याचा जगायला उपयोग काय? फ्रॉईडला मिसळीत रस नाही. तो तुम्हाला आडवं करून मनात येईल ते बोलायला लावेल.

याच घोळातली एक ठरावीक चूक म्हणजे "रचनावादाचा जनक वुंट". वुंटने 1879 मध्ये लायप्झिगला प्रयोगशाळा काढली, हे बरोबर. पण रचनावाद त्या नावाने उभा केला तो त्याचा शिष्य टिचनरने. खुद्द वुंटचा भर इच्छाशक्तीवर होता, आणि भाषा, मिथकं, चालीरीती यांवर त्याने दहा खंड लिहिले. तुमच्या नोट्समध्ये वुंटच असेल तर दोघांची नावं आणि कोणी काय केलं ते लिहा, मार्क कोणी कापणार नाही. पाव्हलॉव्हचंही तसंच. त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या संशोधनासाठी, अभिसंधानासाठी (घास नसताना नुसत्या खुणेला कुत्र्याची लाळ सुटते, त्यासाठी) नव्हे.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

ही चूक हुशार पोरंही करतात, कारण 'ऋण' म्हटलं की वाईट वाटतं. इथे ऋण म्हणजे फक्त वजाबाकी. सकाळी आई ओरडतेय, "नळाला पाणी आलंय, ऊठ!" तुम्ही उठून कळशी लावता, ओरडणं थांबतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या हाकेला उठता. नकोशी गोष्ट हटली आणि वर्तन वाढलं, म्हणजे ऋण प्रबलन. वडिलांनी गाडीची चावी काढून घेतली आणि रात्रीचं भटकणं कमी झालं, तर ती शिक्षा. आधी वर्तन वाढलं की घटलं ते बघा, मग काय दिलं की काय काढलं ते.

'प्रयोग' हा शब्द जपून

मराठीत नाटकाचाही प्रयोग होतो, शेतातही प्रयोग होतो, प्रॅक्टिकलच्या वहीतलं सगळंच प्रयोग असतं. म्हणून पोरं "निरीक्षणाचा प्रयोग", "प्रश्नावलीचा प्रयोग" असं बिनधास्त लिहितात. संशोधनात प्रयोग म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने एक गोष्ट बदलली, बाकीच्या शक्य तितक्या सारख्या ठेवल्या आणि परिणाम मोजला.

एका प्रकल्पात तालमीत जाणाऱ्या पोरांचा आत्मविश्वास जास्त निघाला. निष्कर्ष: तालमीमुळे आत्मविश्वास वाढतो. कशावरून? आधीच आत्मविश्वास असलेलीच पोरं तांबड्या मातीत उतरत असतील. किंवा घरचा खुराक आणि वडिलांचा पाठिंबा दोन्हीच्या मागे असेल. कारण सांगायचं तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना तालमीत पाठवावं लागेल, निम्म्यांना घरी बसवावं लागेल. ते जमणार नसेल तर "सहसंबंध आढळला", म्हणजे दोन गोष्टी जोडीने बदलताना दिसल्या, एवढंच लिहा. आणि उणे चिन्हाला घाबरू नका, ते फक्त एक वाढलं की दुसरं घटतं एवढंच सांगतं: −0.70 हा सहसंबंध +0.40 पेक्षा पक्का असतो.

नमुना

इथे माझीच फजिती सांगतो. बी.ए.ला असताना एका रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर 50 जणांकडून ताणतणावाची प्रश्नावली भरून घेतली आणि "कोल्हापूरकर तणावमुक्त आहेत" असं लिहून मोकळा झालो. सरांनी समासात एकच शब्द लिहिला: "भेळ?" मला कळायला दोन दिवस लागले. उद्यमनगरात कारखान्यात पाळीवर उभा असलेला माणूस त्या वेळी माझ्या नमुन्यात येणारच कसा?

'यादृच्छिक' म्हणजे वाटेत भेटेल तो, असं समजू नका. आधी सगळ्यांची यादी हवी, आणि त्यातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. आजकाल गुगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाकून त्यालाच यादृच्छिक म्हणतात. तो सोयीचा नमुना. तसं स्पष्ट लिहिलंत तर गुन्हा नाही. नमुना निवडणं आणि निवडलेल्यांचे गट पाडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हेही वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहा.

"सिद्ध झाले" हे भूमितीसाठी ठेवा. इथे "पुरावा मिळाला" पुरे.

राहिला प्रश्न दरवर्षी हमखास येणारा: वुंट लिहायचं, वुण्ट की वुन्ट? काहीही लिहा. फक्त एका पेपरात तिन्ही नकोत, तपासणाऱ्याला तीन माणसं वाटतात.