डबलसीट कोकणात निघायच्या आधी: मागचे शॉकअप घरच्या घरी लावायची तयारी

गणपतीला पुण्याहून ताम्हिणीमार्गे गावी जायचं, तेही बाइकवर, दोघं आणि मागे बांधलेली बॅग. असा बेत ठरला की मी निघायच्या आदल्या रविवारची सकाळ पार्किंगमध्ये घालवतो. शॉकअपची कॉलर, म्हणजे स्प्रिंगला एका टोकाकडून दाबून धरणारी रिंग, फिरवायला पाच मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ जातो तो तयारीत, आणि ही यादी त्या तयारीची आहे. आदल्या रात्रीवर हे काम ढकलू नका, कारण लावल्यावर गाडी एकदा चालवून बघावी लागते आणि बहुतेक वेळा एखादं घर, म्हणजे कॉलरची एक पायरी, मागेपुढे करावं लागतं.

यादीत पहिलं काम डोक्यातलं. गॅरेजमध्ये ‘शॉकअप टाइट करून देतो’ असं म्हणतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग तीच राहते. प्रीलोड म्हणजे वजन बसायच्या आधीच तिला थोडं दाबून ठेवणं. त्यामुळे तेवढ्याच वजनाखाली गाडीची मागची बाजू कमी खचते, बस्स. मागे माणूस बसल्यावर गाडी खचते, खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो, हेडलाइट आभाळाकडे जातो, पुढचं चाक हलकं वाटतं. प्रीलोडचा उपाय या दुखण्यावर आहे. गाडी ‘मऊ’ करायला हे करत असाल तर निराशा होईल.

मग गाडीची पुस्तिका शोधा. कपाटात असेल, विम्याच्या कागदांखाली. कंपनीतून कॉलर कितव्या घरावर येते आणि गाडीला जास्तीत जास्त किती भार चालतो, हे त्यात असतं. स्प्लेंडर प्लसला मागे दोन शॉकअप आणि 5 घरं, नव्या क्लासिक 350 ला 6. मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप, असेल तर स्प्रिंगच्या वर पायऱ्यांची कॉलर आहे, की आट्यांवर एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन रिंगा आहेत, ते आधी बघून ठेवा, पाना त्यावर ठरतो. काही गाड्यांना मागे काहीच फिरवता येत नाही. तिथे ही यादी इथेच संपली.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. डबलसीटसाठी मागच्या चाकाचा आकडा वेगळा आणि जास्त असतो, तो चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर सापडतो. हवा कमी असताना शॉकअप लावणं म्हणजे चष्मा न पुसता नंबर काढणं. हवा भरल्यावर निम्मी तक्रार गेली, असंही होतं.

नंतर शॉकअपची तब्येत. नळी जिथे रॉडवर सरकते तिथे बोट फिरवा. तेलाचा ओशट थर आणि त्यावर चिकटलेली माती दिसली तर ऑइल सील गेलंय. मग सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन जागेवर बसली पाहिजे. पाळण्यासारखी दोन-तीनदा वरखाली झाली तर आतलं डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे थांबवायची ताकद, संपलंय, आणि प्रीलोड कितीही चढवलात तरी ते परत येत नाही. अशा वेळी पाना खाली ठेवून नवे शॉकअप घ्यायचे, आणि जोडीने घ्यायचे. मागचं चाक अधांतरी ठेवून डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड आली तर स्विंगआर्मची बुशं किंवा चाकाची बेअरिंग आधी.

हत्यारं फार लागत नाहीत. गाडीच्या टूलकिटमधला सी-पाना, म्हणजे चंद्रकोरीसारखा वाकलेला, टोकाला आकडा, म्हणजे हूक, असलेला. जुन्या गाडीत तो कधीच जागेवर नसतो. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, पण घेताना कॉलरचा व्यास जुळतोय का ते बघा. स्क्रूड्रायव्हर खाचेत घालून हातोडीने ठोकायचा मोह आवरा, कॉलरचे दात तुटले की पुढच्या वेळी पाना धरायला जागाच राहत नाही. त्याशिवाय जुना टूथब्रश, थोडं डिझेल किंवा रॉकेल, चिंधी, हातमोजे, मेजरिंग टेप, चिकटपट्टी, खडू, वही-पेन. आणि दोन माणसं. हे एकट्याने होत नाही.

हातमोज्यांचं सांगतो. एका वर्षी मी ते न घालता पाना जोरात पुढे ढकलला, आकडा निसटला आणि बोटांची पेरं थेट सायलेन्सरच्या ब्रॅकेटवर. तेव्हापासून पाना नेहमी स्वतःकडे ओढतो, ढकलत नाही, आणि गाडी पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावत नाही.

आता मापं, आणि यादीतला खरा वेळ इथेच द्या. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक जमिनीला टेकत असेल तर स्टँडखाली फळी सरकवा, ते पूर्ण लोंबलं पाहिजे. एक्सलच्या नटापासून सरळ वर, सीटच्या कडेला किंवा ग्रॅब रेलवर चिकटपट्टी लावून रेघ मारा. दर वेळी याच दोन बिंदूंमधलं अंतर मोजायचं. पहिलं माप चाक लोंबत असताना. दुसरं गाडी स्वतःच्या चाकांवर उभी, वर कोणी नाही. तिसरं तुम्ही बसून. चौथं दोघं बसून, बॅग बांधून, अंगात जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट घालून, म्हणजे ज्या अवतारात घाट चढणार त्याच अवतारात. टेप धरणारा शेजारी हसतो, हसू द्या. बॅग अजून भरली नसेल तर तेवढ्याच वजनाचे तांदूळ बांधा. प्रत्येक मापाआधी गाडी दोन-तीनदा दाबून अलगद सोडा, नाहीतर शॉकअप घर्षणाने मधेच अडकून राहतो आणि आकडा खोटा येतो.

माझ्या वहीतले आकडे असे आहेत, कॉलर दुसऱ्या घरावर असताना: लोंबतं चाक 540 मिलिमीटर, रिकामी गाडी 526, मी एकटा 515, दोघं आणि बॅग 496. म्हणजे मी एकटा असताना गाडी 25 खचते, सगळा संसार चढल्यावर 44. चाकाची एकूण वरखाली साधारण 90 धरली तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, म्हणजे 30 च्या आसपास खचणं बरं समजतात. कॉलर चौथ्या घरावर नेल्यावर 44 चे 35 झाले. पाचव्यावर 31 आले, म्हणजे कागदावर अधिक चांगले, पण रिकामी गाडी उभी केली तर ती जेमतेम 1 मिलिमीटर खचत होती. चाकाला खाली जायला जागाच उरली नाही तर खड्ड्याच्या पलीकडे ते रस्त्याला धरून राहत नाही. म्हणून मी चौथ्यावर थांबलो. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, हिशोब हाच.

फिरवण्याआधी कॉलर ब्रशने घासून स्वच्छ करा, विशेषतः पावसाळ्यात. जवळून बघितलं तर तिचा आतला काठ गोल जिन्यासारखा चढत जातो, आणि शॉकअपच्या नळीवरचा एक उंचवटा त्यातल्या एका पायरीच्या खळगीत टेकलेला असतो. फिरवली की ‘टक’ करून पुढच्या खळगीत बसते. ती टक दोन्ही बाजूंना मोजा. एकदा एका गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीला डावीकडे 2 आणि उजवीकडे 4 निघाले होते. मी अख्खा पावसाळा टायरला दोष देत होतो. म्हणून आता फिरवण्याआधी दोन्हीकडे खडूची खूण करतो. गाडी मेन स्टँडवर असू द्या, स्प्रिंगवरचा भार उतरलेला असतो. पहिल्या घरावरून उलटं फिरवून एकदम शेवटच्यावर जायचा शॉर्टकट मारू नका, तिथे कडा आहे, पायरी नाही. कॉलर खराब होते.

दोन रिंगांच्या मोनोशॉकला वरची रिंग आधी सैल करायची, मग खालची फिरवायची, शेवटी वरची परत आवळायची. आटे धुवूनच. शॉकअपला वेगळी डबी असेल तर तिच्यात दाबाखाली नायट्रोजन असतो, तिचा कुठलाही स्क्रू उघडायचा नाही. आणि स्प्रिंग काढण्याच्या भानगडीत घरी पडूच नका.

लावून झाल्यावर चेनचा ढिलेपणा पुन्हा बघा, मागची बाजू उचलली की स्विंगआर्मचा कोन बदलतो. दोघं बसलेले असताना चेन ताणून तारेसारखी झाली नाही ना, हे हाताने चाचपा. गाडी साइड स्टँडवर आधीपेक्षा जास्त कलते, पार्किंगच्या उतारावर सांभाळा. रात्री भिंतीसमोर दोघं बसून लो बीमची रेघ कुठे पडते ते पाहा आणि गरज पडली तर हेडलाइट खाली घ्या. धुक्यात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे दिपवण्यात काही शहाणपण नाही. मग पाच-सात किलोमीटरची चक्कर, दोघांनी, ओळखीच्या स्पीड ब्रेकरवरून. मागच्या माणसाला विचारा. त्याचं मत तुमच्यापेक्षा खरं, कारण तो थेट शॉकअपच्या डोक्यावर बसलेला असतो.

सी-पाना सीटखाली ठेवून द्या, घरी नको. येताना आत्या नारळाचं पोतं बांधून देतेच, आणि मग आमची गाडी पाचव्या घरावर जाते.