फिरत्या टोस्टरचा सांधा मोकळा केला

अठराव्या शतकातल्या अमेरिकन घरांत उघड्या शेकोटीपुढे पाव भाजायला लोखंडी फिरता टोस्टर असे. लांब दांड्याची, बुटक्या पायांची बैठक, तिच्यावर कमानींच्या दोन ओळी आणि मधे उभे पावाचे काप. एक बाजू भाजली की नुसती चौकट फिरवायची, पावाला हात लावायचा नाही. ही युक्ती मला फार आवडते.

तसाच एक मी घडवला. अस्सल घडीव लोखंड आता सहज मिळत नाही, म्हणून माइल्ड स्टीलची सळई घेतली. पीळ सुरेख पडला, कमानीही जमल्या, पण चौकट बैठकीला जोडणारा मधला रिव्हेट (टोक ठोकून पक्का करायचा जाड खिळा) बसवल्यावर चौकट जागची हलेना. लालबुंद रिव्हेट ठोकला की निवताना आखडतो आणि दोन्ही पट्ट्या आवळून धरतो. इथे घाव घालून उपयोग नसतो. सांधा पुन्हा भट्टीत लाल केला, बैठक व्हाइसमध्ये पकडली आणि लाली जाऊन लोखंड काळं पडेपर्यंत चौकट सांडशीनं सावकाश मागेपुढे फिरवत राहिलो. आता बोटानं ढकलली तरी फिरते, आणि डुगडुगत नाही.

शेवटी गरम लोखंडावर जवसाचं तेल चोळलं. जस्ताचा मुलामा असलेली सळई मात्र भट्टीत घालूच नका, तिचा धूर विषारी असतो.