5.66 वरून 1.07: लिथियम खाण कंपनीच्या शेअरचे जुने भाव कसे वाचावेत

2025 च्या जूनमध्ये पर्थहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "पिलबरा मिनरल्स 5.66 डॉलरला होता, आता 1.07 ला मिळतोय. किती स्वस्त झालाय, घेऊन टाकू का?" मी म्हटलं, घ्यायचा की नाही ते तुझं तू ठरव, पण आधी एक रविवार काढ. जुन्या भावांचा तक्ता आपण नीट मांडू. त्या रविवारी आम्ही जे केलं, तेच इथे पायरीपायरीने लिहीत आहे. जूननंतरचे आकडे आणि घटना मागाहून जोडल्या आहेत.

कंपनीची ओळख थोडक्यात. पश्चिम ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंड बंदरापासून सुमारे 120 किलोमीटरवर पिलगनगूरा इथे तिची खाण आहे. तिथल्या खडकातून स्पॉड्युमिन हे खनिज काढतात, त्याची भुकटी मुख्यतः चीनला जाते आणि तिथे तिचं बॅटरीसाठी लागणारं लिथियम रसायन होतं. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात, म्हणजे एएसएक्सवर, तिची खूण पीएलएस. वरचे 5.66 आणि 1.07 हे तिथलेच, ऑस्ट्रेलियन डॉलरमधले भाव. अलीकडे कंपनी स्वतःलाही याच नावाने ओळखते.

पायरी 1: भाव कुठला, कुठल्या चलनातला, ते आधी पक्कं करा

याच कंपनीचा शेअर अमेरिकेत पीआयएलबीएफ या खुणेने अमेरिकी डॉलरमध्येही मिळतो. एका ठिकाणचा उच्चांक आणि दुसऱ्या ठिकाणचा नीचांक एकत्र केलात तर पुढचा सगळा हिशेब वाया. गूगल शीट्समध्ये गूगलफायनान्सच्या सूत्रात एएसएक्सची खूण घालून दर आठवड्याचे बंद भाव मागवा. 2019 पासून सुरुवात केली तरी पुरेसं आहे. तारखांचा क्रमही तपासा. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखाच दिवस आधी आणि महिना नंतर लिहितात, पण तक्ता अमेरिकी पद्धतीवर असेल तर 3 ऑगस्टचा 8 मार्च होतो आणि ते पटकन लक्षातही येत नाही.

पायरी 2: आलेख टक्केवारीच्या पट्टीवर आणा

साध्या आलेखात 2020 चं वर्ष जमिनीला चिकटलेल्या रेषेसारखं दिसतं आणि 2022 डोंगरासारखं. पण त्या सपाट दिसणाऱ्या रेषेतच पैसे दुप्पट-तिप्पट झाले होते. 30 सेंटवरून 60 सेंटवर जाणं आणि 2.50 वरून 5 डॉलरवर जाणं, गुंतवणाऱ्यासाठी दोन्ही सारखंच. आलेखाच्या उभ्या अक्षाला लॉग पट्टी लावली की दोन्ही उड्या सारख्याच उंचीच्या दिसतात.

घसरणही याच नजरेने पाहा. 5.66 वरून 1.07 म्हणजे सुमारे 81 टक्के घट. परत तिथे पोचायचं तर भाव 5.3 पट व्हायला हवा. भाऊ इथे पहिल्यांदा गप्प झाला.

पायरी 3: शेजारी लिथियमचा भाव मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सोन्याचा भाव पेपरात रोज येतो, स्पॉड्युमिनचा येत नाही. बरीचशी विक्री खरेदीदारांशी झालेल्या करारांनी होते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला भाव दिसायला मार्ग कमी. म्हणून या कंपनीने केलेले ऑनलाइन लिलाव अभ्यासाला फार उपयोगी पडतात. 29 जुलै 2021 ला पहिला लिलाव झाला. 10,000 टनांच्या खेपेला टनामागे 1,250 अमेरिकी डॉलर मिळाले आणि बाजार चकित झाला. नोव्हेंबर 2022 मधल्या लिलावात तसाच माल 7,805 अमेरिकी डॉलरवर गेला. सोळा महिन्यांत सहापट!

चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा, म्हणजे बॅटरीसाठी लागणाऱ्या लिथियम रसायनाचा, भाव त्याच सुमारास टनाला 6 लाख युआनच्या जवळ पोचला होता. शेअरचा 5.66 चा उच्चांकही नोव्हेंबर 2022 चाच. हे तीन आकडे एका ओळीत आले की कळतं, शेअर कंपनीच्या कारभारावर जितका चालत होता त्याहून कितीतरी जास्त लिथियमच्या भावावर चालत होता. खाण तीच होती, यंत्रं आणि माणसंही जवळपास तीच.

म्हणून तक्त्यात दुसरा रकाना कार्बोनेटच्या भावाचा करा. महिन्याला एक आकडा पुरतो. तिसऱ्यात कंपनीला प्रत्यक्ष मिळालेला सरासरी भाव लिहा. तो तिमाही अहवालात असतो आणि अहवाल जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या अखेरीस येतात. तिथलं आर्थिक वर्ष जुलै ते जून असतं, आपल्या एप्रिल-मार्चच्या सवयीने वाचलं की आकडे एक तिमाही सरकतात. 2022-23 मध्ये सरासरी भाव टनाला 4,447 अमेरिकी डॉलर होता, पुढच्या वर्षी 1,176 आणि 2024-25 मध्ये 672.

खर्चाचा आकडा मात्र ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये छापलेला असतो. 2025 च्या जून तिमाहीत मिळालेला भाव 599 आणि जहाजावर माल चढवेपर्यंतचा खर्च 619. वरवर पाहिलं तर कंपनी तोट्यात माल विकतेय असं वाटतं. पण 599 अमेरिकी आहेत, म्हणजे 900 हून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर. त्यातून वाहतूक आणि सरकारी स्वामित्वधन जातं, तरी थोडं उरतं. एकाच चलनात आणल्याशिवाय हे दोन आकडे शेजारी ठेवू नका.

पायरी 4: नफ्याची तारीख आणि भावाची तारीख जुळवून पाहा

2022-23 चा निव्वळ नफा सुमारे 2.4 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर, कंपनीच्या इतिहासातला सर्वांत मोठा. तो जाहीर झाला ऑगस्ट 2023 मध्ये. तोवर कार्बोनेटचा भाव उच्चांकाच्या निम्म्याहूनही खाली आला होता. भाव आधी पडतो, अहवाल मागाहून सांगतो.

पीई गुणोत्तर, म्हणजे शेअरचा भाव भागिले शेअरमागची वर्षाची कमाई, पाहणाऱ्यांची इथेच फसगत होते. त्या वर्षी शेअरमागे कमाई सुमारे 80 सेंट आणि भाव 5 डॉलरच्या आत-बाहेर, म्हणजे पीई साधारण 6. औषध किंवा साबण कंपनीचा पीई 6 दिसला तर लोक धावत सुटतील. पुढच्या वर्षी नफा 25.7 कोटी डॉलरवर आला, शेअरमागे साडेआठ सेंटच्या आसपास. भाव 3 डॉलरजवळ आणि पीई 35. थोडक्यात, 6 असताना शेअर स्वस्त नव्हता. खाण कंपनीचा पीई सर्वांत कमी दिसतो तो बहुधा धातूचा भाव शिखरावर असताना, आणि सर्वांत महाग दिसतो तो नफा आटल्यावर. माझ्या मते या धंद्यात एका वर्षाचा पीई बाजूला ठेवावा आणि पाच-सात वर्षांच्या सरासरी कमाईकडे पाहावं.

पायरी 5: शेअरची संख्या आणि लाभांश

2020 च्या मध्याला कंपनीचे सुमारे 220 कोटी शेअर होते, 2025 च्या मध्याला 320 कोटींच्या आसपास. त्यामुळे भावाबरोबर संख्येचाही रकाना ठेवा, दोन्हींचा गुणाकार केला की कंपनीचं बाजारमूल्य मिळतं. नवे शेअर कधी आणि कशासाठी निघाले तेही टिपा. डिसेंबर 2020 मध्ये 36 सेंटने शेअर काढून कंपनीने 24 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर उभे केले, शेजारची खाण घेण्यासाठी. 2025 च्या सुरुवातीला लॅटिन रिसोर्सेस ही कंपनी घेतली तेव्हा तिच्या भागधारकांना पैशांऐवजी शेअरच दिले.

लाभांशाचं गणित छोटं आहे, पण चुकवू नये असं. 2022-23 साठी 11 आणि 14 असे दोनदा मिळून 25 सेंट दिले गेले. 36 सेंटने घेतलेल्या माणसाला त्याच्या मुद्दलाच्या जवळजवळ 70 टक्के एका वर्षाच्या लाभांशातच परत आले. 5 डॉलरला घेतलेल्याला तेच 25 सेंट म्हणजे 5 टक्के. पुढच्या वर्षी लाभांश नव्हता. काही तक्त्यांत 'समायोजित बंद भाव' असतो, त्यात हे लाभांश मागच्या भावांतून वजा केलेले असतात. म्हणून दोन तक्त्यांत 2021 चा भाव पाच-सहा टक्क्यांनी वेगळा दिसला तर घाबरू नका. परतावा काढायला समायोजित भाव वापरा, त्या दिवशी शेअर खरोखर कितीला मिळत होता ते पाहायला मूळ भाव.

पायरी 6: ज्याचा आलेख उरला नाही, त्याचाही विचार करा

पिलगनगूरात कुंपणापलीकडे अल्टुरा मायनिंगची खाण होती. धातू तोच, बंदरही तेच. लिथियमचे भाव तळाला असताना कर्जाचा भार तिला पेलला नाही, ऑक्टोबर 2020 मध्ये ताबा रिसीव्हरकडे, म्हणजे कर्जवसुलीसाठी नेमलेल्या माणसांकडे, गेला आणि शेअरचे व्यवहार थांबले. जानेवारी 2021 मध्ये पिलबराने ती खाण 17.5 कोटी अमेरिकी डॉलरला घेतली. 36 सेंटची शेअरविक्री झाली ती याचसाठी. पुढे दोन वर्षांत लिथियम आकाशाला भिडलं, पण अल्टुराच्या भागधारकांसाठी ती तेजी आलीच नाही. आज यादीत जुने भाव शोधताना तुम्हाला टिकलेली कंपनीच सापडते, आणि 'थांबलं की मिळतंच' असा समज होतो. म्हणून शेजारी कर्जाचा आणि हातातल्या रोख रकमेचाही रकाना हवा. मंदीत किती तिमाह्या तग धरता येईल, ते त्यावरून कळतं.

पायरी 7: मोठ्या उड्यांवर बोट ठेवा

ज्या दिवशी भाव दहा टक्क्यांहून जास्त हलला, असे दिवस निवडा आणि त्या तारखेची एएसएक्सवरची घोषणा वाचा. कधी कधी त्या दिवशी कंपनीची घोषणाच नसते, तेव्हा बाहेर पाहा. 11 ऑगस्ट 2025 ला शेअर एका दिवसात जवळपास 20 टक्के वाढला. त्याचं कारण चीनच्या जियांगशी प्रांतात यीचुनजवळ होतं. परवान्याची मुदत संपल्यामुळे सीएटीएल या बॅटरी कंपनीने तिथली आपली खाण थांबवली होती. हीच सीएटीएल 2019 मध्ये 30 सेंटने पिलबराचे शेअर घेऊन भागीदार झाली होती.

एएसआयसी ही ऑस्ट्रेलियाची नियामक संस्था कुठल्या शेअरमध्ये किती शॉर्ट विक्री (भाव पडेल या अंदाजाने उसने घेतलेले शेअर विकणं) झाली आहे ते काही दिवसांच्या विलंबाने जाहीर करते, तोही आकडा टिपा. 2024 मध्ये बराच काळ पीएलएस त्या यादीत सर्वांत वर होता. इतके लोक पडण्यावर पैसे लावून बसलेले असले की एखाद्या चांगल्या बातमीने त्यांना घाईघाईत शेअर परत घ्यावे लागतात आणि उडी आणखी मोठी होते.

संध्याकाळी भावाच्या लॅपटॉपवर नऊ रकाने भरले होते. 1.07 च्या ओळीत कार्बोनेटसमोर 60,000 युआन होतं, 5.66 च्या ओळीत 6 लाखांच्या जवळचा आकडा. तो बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिला. मग शेअर स्वस्त आहे का, हा प्रश्न त्याने खोडला आणि त्याजागी लिहिलं: लिथियमचा भाव पुढची दोन वर्षं इतकाच राहिला, तर कंपनीकडचे पैसे पुरतील का?