१८-१८ झालं, आता स्पीकर कोण? न्यूफाउंडलंडची १९०८ ची निवडणूक अभ्यासिकेत अशी खेळा

लातूरला आमच्या अभ्यासिकेत पॉलिटीचा म्हणजे राज्यव्यवस्थेचा विषय निघाला की अर्धी पोरं पेंगायलेत, कास्टिंग व्होट (टाय झाली की सभागृहाचा अध्यक्ष, म्हणजे स्पीकर, देतो ते मत) म्हणजे काय ते सगळ्यांना तोंडपाठ पण कळलंय कुणालाच नाही, म्हणून हा खेळ सुरू केला. सामान म्हणाल तर एक रिकामी खुर्ची, दोन गटांसाठी बारा जण अन् गव्हर्नर व्हायला वेगळं कुणीतरी.

आधी थोडक्यात सांगा. न्यूफाउंडलंड आज कॅनडात आहे पण तेव्हा वेगळं होतं, कॉड माशावर जगणारं बेट, १९०७ ला डोमिनियन (ब्रिटिश साम्राज्यातला पण स्वतःचा कारभार बघणारा देश) झालेलं. २ नोव्हेंबर १९०८ ला मतदान, जागा ३६. एका बाजूला प्रीमियर म्हणजे सरकारचा प्रमुख रॉबर्ट बाँड, लिबरल पक्षाचा. दुसऱ्या बाजूला एडवर्ड मॉरिस, जो १९०७ पर्यंत बाँडच्याच मंत्रिमंडळात होता अन् मग फुटून त्यानं पीपल्स पार्टी काढली (इथं आपल्याकडचं उदाहरण देऊ नका, अर्धा तास त्यातच जातो). बायकांना मत नव्हतं, ते १९२५ ला मिळालं. हे ऐकल्यावर आमच्या पोरींनी सरळ गव्हर्नरचा (ब्रिटिश राजाच्या प्रतिनिधीचा) रोल घेऊन टाकला, देऊन टाका.

निकाल सांगा, १८-१८, अन् गप्प बसा. कुणीतरी म्हणणारच, ईश्वरचिठ्ठी टाका! ग्रामपंचायतीला सारखी मतं पडली की लहान लेकराकडून चिठ्ठी उचलून घेतात ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. पण ती टाय एका जागेवर दोन उमेदवारांची असते, इथं तर ३६ च्या ३६ जागांचा निकाल लागलाय, मग चिठ्ठी टाकायची कुणाच्या नावाची? हे त्यांचं त्यांना सापडू द्या.

आता सहा-सहाचे दोन गट करा, खुर्ची मधी ठेवा अन् सांगा, स्पीकर निवडा. नियम एकच, स्पीकर फक्त टाय झाली तरच मत देतो. सुरुवातीला दोन्हीकडनं भांडणं होतात, आमचाच माणूस बसणार म्हणून. मग एखादी हुशार पोरगी बोटं मोजते अन् ओरडते, अरे आपला बसला तर आपण पाच अन् ते सहा, टायच होणार नाही! तिथून पुढं खुर्चीकडं कुणी फिरकत नाही, एकमेकांनाच आग्रह, तुम्ही बसा की, नाही नाही तुम्ही बसा. हसू आलं तरी मदत करू नका, अख्खा खेळ ह्यातच आहे.

पाच मिनिटांनी गव्हर्नरला उठवा. खऱ्या गव्हर्नरनं, विल्यम मॅकग्रेगरनं, काय केलं? बाँडनं परत निवडणूक मागितली, ह्यानं नाही म्हटलं, बाँडनं राजीनामा दिला, मग मॉरिसला बोलावलं. ३० मार्च १९०९ ला सभागृह भरलं तर स्पीकरच निवडता येईना. शेवटी मॉरिस प्रीमियर असतानाच सभागृह बरखास्त.

दुसरा राउंड ८ मे १९०९ चा. अभ्यासिकेतल्या बाकीच्यांना मतदान करायला लावा, पण खरा आकडा आधी फोडू नका. सत्तेत बसून निवडणूक लढवली की काय फरक पडतो ह्यावर पोरांना वाद घालू द्या अन् मग फळ्यावर लिहा, मॉरिस २६, बाँड १०.