चिकन खिमा पास्ता, ऑफिसातून आल्यावर अर्ध्या तासात

घरात शिरलं की पर्स ठेवायची आणि आधी मोठ्या पातेल्यात २ लिटर पाणी गॅसवर चढवायचं, झाकण ठेवून. मग हातपाय धुवा, कपडे बदला काय करायचं ते करा, कारण या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ ते पाणीच खातं. मी हे बहुतेक बुधवारी करते, तेव्हा रविवारची भाजी संपत आलेली असते आणि फ्रीजमध्ये अर्धी ढोबळी, दोन सुरकुतलेली गाजरं असलंच काहीतरी उरलेलं असतं.

तिघांना २५० ग्रॅम पेने (नळीच्या आकाराचा पास्ता) आणि ३०० ग्रॅम चिकन खिमा पुरतो. पास्ता घेताना पाकिटाच्या मागे बघा, ड्युरम गव्हाचा असेल तोच घ्या, म्हणजे आपला बन्सी गहू, त्याचा रवा कसा मोकळा होतो तसाच हा पास्ताही. मैद्याचा स्वस्त मिळतो पण दोन मिनिटं इकडे तिकडे झाली की खळ.

खिम्यासाठी चिकनवाल्याला लेग बोनलेसचा करून द्यायला सांगा, ब्रेस्टचा नको, तो भुशासारखा कोरडा होतो. त्याच्या मशीनचा भरवसा नसेल तर बोनलेस आणून तुकडे १५-२० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि मिक्सरला थांबून थांबून फिरवायचे, सलग फिरवलंत तर पेस्ट होईल. आणि खिमा धुवायचा नाही हो, पाणी धरून बसतो आणि शिंतोडे सगळ्या सिंकभर.

आता कढई चांगली तापवा, नॉनस्टिक नको, लोखंडी असली तर उत्तमच. २ चमचे तेल, त्यात खिमा पसरून टाका आणि दोन-तीन मिनिटं हात लावू नका. इथेच सगळी गडबड होते. खिमा आधी पांढरट पडतो, मग त्याला पाणी सुटतं आणि कढईतून खदखद आवाज यायला लागतो, आपल्याला वाटतं शिजला, पण नाही, थांबायचं, मोठ्या आचेवर गुठळ्या फोडत राहायचं. पाणी आटलं की आवाज बदलतो, चरचर यायला लागते, कडेचे कण तपकिरी होतात आणि वास एकदम भाजल्यासारखा येतो. तो आवाज आला की पुढे जायचं. मी पहिल्यांदा केला तेव्हा घाईघाईत पाण्यातच टोमॅटो ओतला होता, सगळ्या पास्त्याला उकडलेल्या चिकनचा वास, पोराने चीज तेवढं वेचून खाल्लं.

एव्हाना पाणी उकळलं असेल, त्यात १ मोठा चमचा मीठ आणि पास्ता टाका. पाकिटावर ११ मिनिटं लिहिलं असेल तर ९ मिनिटांनी काढायचा, उरलेला सॉसमध्ये शिजतो.

तोवर खिमा कडेला सारून मधे ७-८ पाकळ्या ठेचलेला लसूण, एक बारीक कांदा, तो मऊ झाला की किसलेलं गाजर आणि ढोबळी. झुकिनी महाग पडते, त्याऐवजी कोवळा दोडका सालं काढून टाकते मी, कोणाला कळत पण नाही. मग ४ टोमॅटो मिक्सरमधून काढून घाला, थोडं लाल तिखट, चिमूटभर साखर, कारण आपले टोमॅटो आंबट. आणि पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतातच, त्यातल्या दोन फोडा. मीठ जपून, पास्त्याच्या पाण्यात आहे.

पास्ता गाळायच्या आधी ते पाणी दोन वाट्या बाजूला काढा. नळाखाली पास्ता धुवू नका, त्यावरचा पिठूळपणाच सॉस धरून ठेवतो. गाळलेला पास्ता कढईत, वर एक वाटी ते पाणी, मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवत राहा, सॉस पाणचट दिसेल आणि मग एकदम घट्ट होऊन पास्त्याला चिकटेल. मूठभर चिरलेला पालक शेवटी, गॅस बंद, वरून चीजचे दोन क्यूब किसून.

अमेरिकेत असाल तर टर्कीचा खिमा चालतो, मात्र ९३ टक्के लीन, म्हणजे अगदी कमी चरबीचा, वगैरे लिहिलेला असेल तर तेल एक चमचा जास्त घाला.

सासूबाई याला पास्ता म्हणत नाहीत, नळ्यांचा खिमा म्हणतात, आणि दोनदा वाढून घेतात. उरलाच तर रात्रभरात सॉस सगळा पिऊन टाकतो, सकाळी डब्यात भरायच्या आधी ती दुसरी वाटी पाण्याची (फ्रीजमध्ये ठेवली असेल तर) घालून गरम करा, नाहीतर थोडं दूध.