हरणाच्या शिकारीसाठी क्रॉसबो कसा निवडावा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि तेथे रीतसर परवाना काढून व्हाइटटेल हरणाची शिकार करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

सर्वप्रथम आपल्या राज्याचे नियम वाचावेत. ओहायोत धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो (चाप ओढून बाण सोडणारे आडवे धनुष्य) चालतो, मात्र त्याची ओढ, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, किमान ७५ पौंडांची असावी लागते. ओरेगॉनमध्ये क्रॉसबोने शिकार करण्यासच मनाई आहे. शिकारशिक्षणाचा अभ्यासक्रम आपल्या राज्यात सक्तीचा नसला, तरी नवख्याने तो करावाच.

त्यानंतर प्रकार ठरवावा. रिकर्व्ह क्रॉसबोला चाके नसतात, बिघडण्यासारखे भाग कमी असतात आणि त्याची दोरी घरीही बदलता येते. मात्र त्याचे बाहू रुंद पसरतात. कंपाउंड क्रॉसबोच्या बाहूंच्या टोकांशी चाके असल्यामुळे तो अरुंद राहतो, पण दोरी बदलण्यासाठी बहुधा दुकानातील प्रेसची, म्हणजे बाहू दाबून धरणाऱ्या यंत्राची, गरज पडते. शिकार कोठून करणार आहात, यावर ही निवड बरीचशी अवलंबून आहे. मचाणावर झाडाच्या बुंध्याला खेटून किंवा कापडी लपणात बसल्यावर रुंद बाहू सहज अडतात आणि बाण सुटताना बाहू एखाद्या फांदीवर आपटला, तर क्रॉसबो तुटू शकतो.

तिसरी पायरी दोरी चढवण्याची, म्हणजे ती मागे ओढून चापाच्या यंत्रणेत अडकवण्याची आहे आणि ग्राहक नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. शिकारीच्या क्रॉसबोची ओढ साधारणपणे १५० ते २०० पौंड किंवा त्याहून अधिक असते. दोन मुठींच्या ओढदोरीने हे ओझे जवळजवळ निम्मे होते, तर फिरकी असलेल्या यंत्रणेने ते बहुतेकांना सहज पेलेल इतके हलके होते. दोरी हाताने ओढताना ती एका बाजूला किंचित जरी सरकली, तरी बाण डावीकडे किंवा उजवीकडे जातो. म्हणून ज्यांचे खांदे किंवा पाठ दुखते, त्यांनी निःसंकोचपणे फिरकीचेच मॉडेल घ्यावे. दुकानात स्वतः दोरी चढवून पाहावी आणि ती बाण न सोडता उतरवता येते का, हेही विचारावे. अनेक मॉडेल्समध्ये तशी सोय नसते. तेथे दिवसअखेरीस एखादा जुना बाण लक्ष्याच्या ठोकळ्यात सोडूनच क्रॉसबो मोकळा करावा लागतो.

विक्रेते वेगाचा आकडा सर्वांत आधी सांगतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी पाहावा. सेकंदाला ३५० फूट वेगाने जाणाऱ्या ४०० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमच्या बाणात जवळपास १०९ फूट-पौंड ऊर्जा असते आणि ती हरणासाठी पुरेशी आहे. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १,१०० फूट जातो. हरीण ४० यार्डांवर असेल, तर दोरीचा आवाज त्याच्या कानी पडल्यानंतर बाण पोहोचायला आणखी सुमारे ०.२३ सेकंद लागतात. तेवढ्यात ते उडी घेण्यासाठी खाली दबते आणि बाण वरून जातो किंवा त्याला जखमी करतो. वेग ४५० फुटांवर नेला, तरी हे अंतर ०.१६ सेकंदांचे उरतेच. उलट ३५० फुटांचाच क्रॉसबो घेऊन २५ यार्डांवरून नेम धरला, तर ते ०.१५ सेकंदांवर येते. जास्त वेगासाठी पैसे मोजण्यापेक्षा जवळून बाण सोडण्याचा संयम अधिक उपयोगी पडतो, आणि जखमी जनावर तडफडत राहू नये ही जबाबदारी आपलीच असते.

बाण निवडताना उत्पादकाने सांगितलेली लांबी, किमान वजन आणि नॉकचा (बाणाच्या मागच्या, दोरीवर टेकणाऱ्या टोकाचा) आकार यांत तडजोड करू नये. चुकीचा नॉक दोरीवर नीट बसत नाही. चाप ओढताच दोरी त्याच्या वरून किंवा खालून निसटते, बाणाविना सुटल्यासारखा झटका बसतो आणि बाहू किंवा दोरी तुटून इजा होऊ शकते. याच कारणासाठी बाण जागेवर नसताना चाप रोखून धरणारी यंत्रणा असलेलाच क्रॉसबो घ्यावा. पकडीवर बोटांना आडोसा देणारी कडाही पाहावी, कारण अंगठा बाण ठेवण्याच्या खाचेच्या पातळीवर आला, तर सुटणारी दोरी तो तोडू शकते.

खरेदीनंतर २० यार्डांवरून दुर्बीण जुळवावी आणि मग ३० व ४० यार्डांच्या खुणा तपासाव्यात. सराव ज्या टोकाने केला, त्याच वजनाचे पात्यांचे टोक शिकारीला वापरावे. तरीही उघड्या पात्यांचे टोक हवेत वेगळे वागते, म्हणून हंगामापूर्वी ते लावूनही काही बाण सोडून पाहावेत आणि नेमात फरक आढळल्यास दुर्बीण त्यानुसार पुन्हा जुळवावी.